जोमाने निवडलेली काठी

चिंचखार नावाच्या खाडीकाठच्या गावात जोमा म्हणून एक भोळा माणूस राहायचा. अंगानं धिप्पाड, मनानं लोण्यासारखा. त्याला एक गोष्ट सांगितली की तो ती कधी विसरत नसे. हीच त्याची अडचण होती.

त्याच्या बायकोचं नाव सुगंधा. तिची धाकटी बहीण मंजुळा. दोघींना आईबाप नव्हते. हशामामानं त्यांना लहानाचं मोठं केलेलं. मामा म्हणजे खाडीतला नावाजलेला गळवाला. होडी हळूहळू वल्हवत ठेवायची, काठी हातात धरायची, दोरा लांब मागं सोडायचा आणि गळाला लावलेली कोळंबी पाण्यातून ओढत न्यायची. मामानं असे किती जिताडे, म्हणजे खाडीतले ते मोठे चवदार मासे, काढले असतील, त्याची गणती नाही.

तर मंजुळाचं लग्न ठरलं. मुलगा वरच्या अंगाला, याच खाडीवरच्या हरणकोंड गावचा. मुलाचे वडील पोशा पाटील. मोठा दिलदार माणूस. बैठकीत म्हणाले, "आम्हाला देणं नको, घेणं नको. रविवारी साखरपुडा आमच्या घरी करू. फक्त एक हौस आहे. मुलीकडच्यांनी जिताडा आणावा. जाळ्यातला नको, गळाचा. हशामामाच्या घरची सोयरीक, लोकांना कळू दे."

मामानं मिशीवर ताव दिला आणि हो म्हटलं.

घरी येऊन बघतो तर वीस वर्षांची काठी वाळवीनं पोखरलेली. हात लावला आणि भुसा गळला. मामा मटकन खाली बसला. मंजुळाचं तोंड एवढंसं झालं. रविवारला सहा दिवस उरले होते. मामाचा खांदाही आताशा दुखायचा, म्हणजे जड काठी चालणार नव्हती.

"मी आणतो काठी," जोमा म्हणाला.

सगळे एकमेकांकडं बघू लागले.

"आणू दे त्यांना," सुगंधा म्हणाली. "भोळे आहेत, पण शब्दाला पक्के आहेत."

मामानं सुस्कारा सोडला. "हे बघ जोमा, काठी लांब हवी आणि हाताला हलकी हवी. दिवसभर धरायची असते. जेवढी हलकी तेवढी चांगली."

जोमा गेला आणि घटकाभरात परत आला. त्याच्या हातात पपईच्या पानाचा देठ होता. शेंड्याला पान तसंच.

"मामा, याच्याहून हलकी अख्ख्या गावात नाही. आतून पोकळ आहे. वर छत्रीही आहे, ऊन लागणार नाही."

मामानं देठ नुसता वाकवला. कट्. दोन तुकडे.

"अरे शहाण्या, घेण्याआधी वाकवून बघायचं! वाकून परत सरळ झालं तर घ्यायचं. मोडलं तर टाकायचं आणि दुसरं उचलायचं."

"बरं मामा. पुढच्या वेळी तसंच करीन."

दुसऱ्या दिवशी बाजार होता. जोमा बांबू बघायला निघाला, तेव्हा सुगंधा म्हणाली, "अहो, जाताच आहात तर मंजुळासाठी डझनभर हिरव्या बांगड्या आणा. नीट बघून घ्या हं."

जोमा आधी बांगड्यांच्या दुकानात गेला. एक बांगडी उचलली. वाकवली. कट्. टाकली. दुसरी उचलली. वाकवली. कट्. टाकली. बांगडीवाली काकू दुसऱ्या बाईच्या हातात चुडा भरत होती. तिला वाटलं, गिऱ्हाईक माल बघतंय. मग तिनं खाली बघितलं. जोमाच्या पायाशी हिरवा सडा पडलेला.

"अरे मेल्या, काय चाललंय हे?"

"काकू, तुमचा सगळाच माल कच्चा. एवढ्या वाकवल्या, एकही सरळ झाली नाही."

काकूनं कपाळावर हात मारला. "सरळ झालेली बांगडी तुझ्या बायकोनं कुठं घातली असती रे? बांगडी वाकवत नाहीत, वाजवतात! खणखणीत वाजली तर घ्यायची. बद्द वाजली तर समजायचं, हिच्यात चीर आहे."

"बरं काकू. पुढच्या वेळी तसंच करीन."

मोडलेल्या बांगड्यांच्या बदल्यात काकूनं त्याच्या काखेतली छत्री काढून घेतली आणि त्याला हाकललं. तो दिवस बांबूविनाच गेला.

बुधवारी मामा म्हणाला, "तुला एकट्याला जमायचं नाही. पारावर म्हातारी माणसं बसलेली असतात. त्यातला एखादा चांगला जाणता माणूस निवड आणि त्याला घेऊन वखारीत जा."

जोमा पारावर गेला. चार म्हातारे ओळीनं बसले होते. पहिले ठकोजी मास्तर. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेलं. डोक्यावर एक केस नाही, टक्कल उन्हात चकाकत होतं. जोमा त्यांच्या मागं जाऊन उभा राहिला. बोटाची पेरं वळवली आणि मास्तरांच्या डोक्यावर ठक्ठक् केलं. कान जवळ नेला.

आवाज बद्द आला.

"मास्तर, तुम्ही नको," जोमा हळहळून म्हणाला. "वरून चांगले दिसता, पण आत चीर आहे."

मग त्यानं दुसऱ्याचं डोकं वाजवलं. तिसऱ्याच्या डोक्यावर टोपी होती, ती काढून बाजूला ठेवली आणि मग वाजवलं. चौथा तोवर काठी घेऊन उभा राहिला होता. जोमाला त्या काठीचीही तपासणी करायची होती, पण ती फार जोरात येत होती.

मास्तरांनी त्याच्या कानाला धरलं. त्यांची जुनी सवय जागी झाली होती. "जोमा, इकडं बघ. जाणत्यापुढं गेलं की आधी वाकून नमस्कार करावा. मग विचारावं, कसं काय, घरची मंडळी बरी आहेत ना? जो नीट उत्तर देईल, त्याला नम्रपणे म्हणावं, चला माझ्यासोबत. समजलं?"

"समजलं मास्तर. पुढच्या वेळी तसंच करीन."

पण आता पारावरचं कुणी त्याच्यासोबत यायला तयार होईना. गुरुवारी जोमा एकटाच बाळारामशेठच्या वखारीत गेला. तिथं दोनशे बांबू भिंतीला टेकून उभे. शेठ छपराखाली बाजेवर पडून सुपारी कातरत होते.

"बघ हवा तो," शेठ म्हणाले.

जोमानं पहिल्या बांबूला वाकून नमस्कार केला. "कसं काय? घरची मंडळी बरी आहेत ना?"

बांबू बोलला नाही.

जोमा दुसऱ्यापाशी गेला. वाकला. "कसं काय? घरची मंडळी बरी आहेत ना?"

तोही गप्प.

शेठनी अडकित्ता खाली ठेवला. त्यांना आधी वाटलं, नवस असेल. साठ-सत्तर बांबू झाले तरी जोमा वाकतच होता. कंबर धरली, पण त्यानं एकाचीही विचारपूस चुकवली नाही. शेवटी तो छपराखाली आला. तिथं मधोमध एक जाडजूड बांबू उभा होता. जोमानं त्याला नमस्कार केला आणि विचारलं, "कसं काय? घरची मंडळी बरी आहेत ना?"

तेवढ्यात खाडीवरून वाऱ्याची झुळूक आली. बांबू म्हणाला, "कर्र्र."

जोमाचे डोळे भरून आले. दिवसभरात पहिल्यांदा कुणीतरी उत्तर दिलं होतं. "चला माझ्यासोबत," तो नम्रपणे म्हणाला आणि त्यानं बांबूला मिठी मारून तो उपटला.

तो छपराचा टेकू होता.

धूळ खाली बसल्यावर झावळ्यांतून शेठचं डोकं वर आलं. जोमा बांबू खांद्यावर घेऊन उभाच होता.

"शेठ, याची घरची मंडळी बरी आहेत."

शेठ आधी खूप ओरडले. मग त्यांनी विचारलं, काठी कशाला हवी? जोमानं सगळं सांगितलं. मंजुळाचं, मामाच्या खांद्याचं, रविवारचं. "मी काठी नेली नाही तर पोरीची मान खाली जाईल शेठ. आणि सुगंधा मला काही बोलणार नाही. तेच मला सोसवत नाही."

शेठनी केसांतला पाला झटकला. ते उठले आणि मागच्या बाजूनं एक बांबू काढून आणला. दीड पुरुष उंच, वाळून पिवळाधमक झालेला. "हे बघ. बुडाला अंगठ्यापेक्षा थोडा जाड, मुठीत मावतो. वर बारीक होत गेलाय. पेरं जवळ जवळ, म्हणून पटकन मोडायचा नाही. बूड ताठ आहे, ते माशाचं वजन घेईल. शेंडा लवतो, तो माशाचा झटका खाईल. भोक नाही, चीर नाही. हा ने. आणि आता कुणाशी काही बोलू नको. सरळ घरी जा."

जोमा सरळ घरी गेला. मधे दोन कुंपणं आणि एक परसातला चुलाणा आला, पण तो वळला नाही.

मामानं काठी हातात घेतली आणि त्याचा चेहराच बदलला. त्यानं ती विस्तवावर शेकून सरळ केली, तेल चोळलं, दोऱ्यासाठी तारेच्या कड्या बांधल्या. शनिवारी संध्याकाळी त्यानं ती हवेत हलवली. सूंईं असा आवाज झाला. मंजुळा त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली.

रविवारी भल्या पहाटे ओहोटीला मामा आणि जोमा होडीत बसले. मामाच्या खांद्याला हिसका सोसणार नव्हता, म्हणून मामा हळूहळू वल्ही मारत होता आणि काठी जोमाच्या हातात होती.

"नीट ऐक," मामा म्हणाला. "मासा लागला की धाव घेतो. हिसका मारायचा नाही. तो ओढील तसं त्याच्या मागं जायचं. पण काठी सोडायची नाही."

"बरं मामा."

सूर्य वर आला आणि दोरा ताणला गेला. काठी कमानीसारखी वाकली. मासा डावीकडं ओढू लागला. जोमा उठला आणि डावीकडं चालू लागला. होडी संपली, तरी तो चालत राहिला.

धप्प!

पाणी छातीएवढं होतं, खाली गुडघाभर चिखल. जोमा माशाच्या मागं निघाला. मासा काठच्या दलदलीत, खाजणाकडं गेला, जोमाही गेला. मासा वळला, जोमाही वळला. मामा होडीतून ओरडत होता, पण जोमानं हातातली काठी सोडली नाही. बूड ताठ राहिलं, शेंडा झटके खात राहिला. जोमासारखं धूड मागं ओढून ओढून अखेर मासाच दमला आणि चिखलात आडवा झाला. दहा किलोचा चंदेरी जिताडा. जोमानं काठी सोडली. ती सुळकन सरळ झाली.

मामा इतका खूश झाला की होडीतून वाकून त्यानं जोमाची पाठ थोपटली. त्यानं ओल्या पोत्यात जिताडा गुंडाळला आणि जोमाच्या खांद्यावर दिला.

"तू खाडीच्या बांधानं थेट पोशा पाटलांकडं जा. मी पोरींना घेऊन मागून येतो. आणि ऐक, मासा ताजा पोचला पाहिजे. मलूल झाला तर आपली अब्रू गेली. तू मागं राहिलास तरी चालेल, पण मासा जेवणाच्या आत तिथं हवा!"

"बरं मामा," जोमा म्हणाला आणि धावत सुटला.

दुपारी हरणकोंडला पाटलांच्या अंगणात मांडव भरला होता. मामा, सुगंधा, मंजुळा येऊन बसली होती. मसाला वाटून तयार, टोप चुलीवर, पन्नास माणसं वासावर. तेवढ्यात जोमा आला. घामानं निथळत, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. हात मोकळे.

"मासा कुठाय?" मामानं विचारलं.

"आला नाही अजून?" जोमानं चकित होऊन विचारलं. "मी तर त्याला माझ्या पुढं पाठवलाय."

मांडवातले सगळे वळून जोमाकडं बघू लागले.

"काय झालं मामा, अर्ध्या वाटेत तो मलूल व्हायला लागला. तोंड उघडायचा, मिटायचा. मला कळलं, याला खांद्यावरून जाणं सोसत नाही. खाली बघितलं तर भरती लागलेली. पाणी हरणकोंडकडंच निघालं होतं. म्हटलं, मी मागं राहिलो तरी चालेल, हा वेळेवर पोचला पाहिजे. पाण्यात सोडला. काय झपकन ताजा झाला! पत्ता दोनदा सांगितला. पुलाच्या पुढं, उजव्या हाताला, पायऱ्यांपाशी मांडव दिसेल."

मामानं डोकं गुडघ्यात घातलं. मंजुळा पदर तोंडात धरून बसली. सगळ्यांच्या नजरा पोशा पाटलांकडं वळल्या. पाटलांचा चेहरा लाल झाला. खांदे हलू लागले. मग ते असे काही हसले की त्यांना खांबाला धरावं लागलं. नवरामुलगा हसला, पाहुणे हसले, आचारी हसला. मंजुळाही पदराआड हसायला लागली.

"हशामामा," पाटील डोळे पुसत म्हणाले, "जिताडा काय, पुन्हा मिळेल. असा माणूस ज्या घरात आहे, त्या घरची मुलगी मी सोडायचो नाही. ओटी भरा!"

ओटी भरली, साखर वाटली. टोपात सुक्या कोळंबीचं सोडे-वांगं शिजलं. पानं वाढली. पंगत बसली, पण जोमा काही पानावर येईना. तो खाडीच्या पायऱ्यांवर उभा राहून पाण्याकडं टक लावून बघत होता.

पाटील स्वतः त्याला बोलवायला गेले. "चला जोमाभाऊ, जेवून घ्या. मासा काही येत नाही आता. आणि आला असता तरी काय, आम्ही त्याला कापून रस्साच केला असता ना!"

जोमाचा चेहरा पांढराफटक पडला. तो दोन पायऱ्या मागं सरकला.

"असं कसं करता पाटील?" तो म्हणाला. "मी तर त्याला जेवायला बोलावलंय!"