झाकून विकलेली देवी

"...ते काही नाही बुवा! ती देवी आहे की वाळवी, एवढं एकच सांगा. हो किंवा नाही!"

अशा प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर नसतं, हे नंदिताच्या ध्यानातही आलं नाही. एक चप्पल पायरीवर, दुसरी अंगणात, अशी ती सातेरीच्या देवळात घुसली होती.

देवळाचे पुजारी भानुबुवा समई घासत होते. घासत राहिले.

"आधी बस."

"बसायला वेळ कुठाय! म्हापणकर येतायत मागून. तुमचीच साक्ष काढायला."

"मग तर बसच."

ती बसली. म्हणजे टेकली.

नंदिता तुळसकर वकील होती. सनद नुकतीच हातात पडलेली. लहानपणापासून बुवांपाशी बसून शिकली होती. त्यांच्या शिष्यांत शहाणी कोण, असं कुणी विचारलं असतं तर ती मान खाली घालून गप्प राहिली असती. उत्तर समोरच्याला आपोआप दिसावं म्हणून.

मायलेकी जन्मभर भाड्याच्या खोलीत राहिल्या. आता कुठे स्वतःचं घर झालं होतं, म्हापणकरांकडून घेतलेलं. माजघराच्या भिंतीला प्लायवूडचं नवंकोरं पॅनेल, वर चकचकीत पॉलिश. "हौसेनं करून घेतलंय," असं म्हापणकर तेव्हा म्हणाले होते.

काल तिथे घड्याळ टांगायला तिनं खिळा ठोकला, तर हातोडीच आत गेली. फळी सुटून अंगावर आली. आणि आत...

"कमरेएवढं वारूळ, बुवा! तुळई पार पोखरलेली. मी अशी किंचाळले की शेजारचे काठ्या घेऊन धावले. त्यांना वाटलं, नाग निघाला."

"मग?"

"मग मला इतका आनंद झाला!"

बुवांचा हात थांबला.

"अहो, कायदाच आहे! विकणाऱ्याला ठाऊक असलेला दोष, जो घेणाऱ्याला नुसतं बघून कळणार नाही, तो त्यानं स्वतः होऊन सांगायला हवा. नाही सांगितला तर ती फसवणूक. भरपाई मागता येते, व्यवहार मोडता येतो! आणि इथे तर वर फळी ठोकलीय. पहिलाच खटला असा मिळायला नशीब लागतं!"

"डोक्यावरची तुळई पडायला आली, आणि तू नाचतेस."

"तसं नाही हो..." ती ओशाळली. पाय मात्र हलतच होते.

"अडचण काय ते सांग."

"आई!" नंदितानं कपाळावर हात मारला. "आज सकाळी उठून तिनं वारुळाला हळदकुंकू वाहिलं. औषधवाल्याला दारातूनच परत पाठवलं. म्हणते, सातेरी आपल्या पायांनी घरी आली, आणि तू तिच्यावर विष मारतेस? ही बातमी म्हापणकरांना लागली. आता ते म्हणतात, मी दोष लपवलाच नाही, मी तर देवी दिली!"

बुवांनी गाभाऱ्याकडे पाहिलं.

तिथे मूर्ती नव्हती. वारूळच होतं. वाळवीनं कणाकणानं उभं केलेलं, हिरवी साडी नेसवलेलं, वर चांदीचा मुखवटा. गावची सातेरी ती हीच.

तेवढ्यात अंगणात खाकरल्याचा आवाज आला. नंदिता दचकून उभीच राहिली.

"नमस्कार, वकीलबाई." म्हापणकर नारळ घेऊन आत आले. कडक इस्त्रीचा सदरा, कपाळाला ताजं गंध. "बुवा, दंडवत. यांनी सांगितलंच असेल."

"दोष लपवलात तुम्ही!" नंदिता म्हणाली.

"दोष? शिव शिव! आईला दोष म्हणता?"

"मग घर दाखवताना बोलला का नाहीत?"

"देवीची काय जाहिरात करायची? सोवळ्यात ठेवली होती. झाकून."

"फळ्या ठोकून?"

"मखर आहे ते!"

नंदिताला हसू आलं आणि रागही आला. दोन्ही एकदम आल्यामुळे तिला ठसका लागला.

"कोर्टात मी हेच सांगणार," म्हापणकर म्हणाले. "तुमच्याच मातोश्रींनी पूजा घातलीय. पूजा घातलेल्या गोष्टीची भरपाई मागणार? न्यायाधीश आपल्याच भागातले आहेत. चपला बाहेर काढून निकाल देतील." मग ते बुवांकडे वळले. आवाज मऊ झाला. "पण कोर्ट कशाला? बुवांनी सांगावं. देवी की वाळवी? वाळवी म्हणालात, तर मग बुवा... ही गाभाऱ्यातली कोण?"

नंदितानं चटकन गाभाऱ्याकडे पाहिलं.

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. बुवा 'देवी' म्हणाले तर खटला गेला, औषध गेलं, आणि तुळईखाली आई झोपणार. 'वाळवी' म्हणाले तर उद्यापासून या देवळात कुणी कशाला येईल? आणि बुवांना या पेचात ओढत आणलं होतं तिनंच. हो किंवा नाही सांगा म्हणत.

"बुवा, नका सांगू," ती पुटपुटली.

बुवांनी समई पुसली. खाली ठेवली.

"देवी आहे."

"बुवा!"

"ऐकलंत?" म्हापणकरांचा चेहरा समईपेक्षा उजळला. "ऐकलंत ना वकीलबाई? संपलं!"

बुवा उठले. खुंटीवरची वेताची टोपली काढली. तिच्यात लाल कापड अंथरलं. पदर सारखा करावा तशा त्याच्या सुरकुत्या काढल्या.

"म्हापणकर, तुझं नवं घर तिठ्यावर ना?"

"हो. का?"

"देवी कुळाची. कूळ उठलं की तिला मागे ठेवत नाहीत. गावची रीत विसरलास? वारुळाची ओली माती टोपलीत भरायची, आतल्या जिवांसकट, वाजतगाजत न्यायची आणि नव्या माजघरात स्थापायची. तू घाईत राहून गेलास. चल, आज वारही चांगला आहे."

"आज?"

"माजघर सगळं लाकडी केलंयस म्हणे."

"हो... म्हणजे छत, दारं, झोपाळा..."

"छान. रमेल ती."

नंदिताच्या अंगातून वीज सळसळून गेली. "मी कुदळ आणते!"

"थांबा! थांबा हो!" म्हापणकरांनी टोपलीची कड धरली. "बुवा, चिमूटभर नेऊ. मानापुरती."

"आई चिमूटभर?"

"तसं नव्हे... डबीत ठेवतो. झाकण लावून."

"पुन्हा झाकणार?" बुवा पायऱ्या उतरू लागले. "नंदे, ढोलवाल्यांना हाक मार."

ती धावलीच.

"अहो, नका!" म्हापणकर आडवे झाले. नारळ हातातून निसटून अंगणात गडगडला. "सगळं खाऊन टाकेल ती! वाळवी आहे हो, वाळवी! औषधं मारून मारून थकलो, म्हणून तर घर विकायला काढलं मी!"

...

नारळ फाटकाला अडून थांबला.

"कबूल केलं!" नंदिता जागच्या जागी उडाली. "ठाऊक होतं यांना! बुवा, तुम्ही साक्षीदार!"

म्हापणकर पायरीवर बसले. इस्त्री एकदम उतरली होती.

"तुमची आई घर बघायला आली," ते जमिनीकडे बघत म्हणाले, "तेव्हा नेमकी त्याच कोपऱ्यात उभी राहिली. म्हणाली, इथे देव मांडीन. मी तोंड उघडलं होतं..."

वाक्य तिथेच सोडून ते उठले, आणि मागे न बघता गेले.

नंदिताला वाटलं होतं, हा क्षण आला की आपण टाळ्या पिटू. हात वरही गेले होते. ते तसेच खाली आले.

"बुवा... ते वाळवी म्हणाले. तुम्ही देवी म्हणालात. आता मी घरी जाऊन करू काय? औषध मारू की पूजा करू?"

"औषध मार."

"खरंच?"

"आजच. तुळई थांबायची नाही."

"पण आई..."

"तिला शेजारी उभी कर. आणि आधी हात जोड."

नंदितानं मग डोळे पुसले, चपला शोधल्या, त्यातली एक उलटी सापडली.

"आणि म्हापणकरांना नोटीस?"

"धाड. आजच."

"धाडते!" ती अंगण ओलांडून फाटकापाशी पोचलीसुद्धा. पाय पुन्हा हलायला लागले होते.

"नंदे..."

"हां?"

"त्यालाही आधी हात जोड."