'स्टिंजी'चं उदाहरण

रावसाहेब घारपुरे दरवर्षी वाचनालयाच्या समारंभात एका इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारत, बक्षीस म्हणून काश्मिरी शाल जाहीर करत आणि उत्तरात खोट काढून शाल घरी परत नेत.

यंदा त्यांनी विचारलं, "'स्टिंजी' म्हणजे काय? उदाहरणासह सांगा!"

स्टिंजी म्हणजे कंजूष, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण रावसाहेबांच्या तोंडावर बोलणार कोण?

शाळेतल्या सत्यभामाबाई उठल्या. "सांगते, पण आधी शालीचं ठरवा."

"ते का?"

"शाल दिली नाहीत, तर अर्थ सगळ्यांना न सांगताच कळेल. आणि दिलीत, तर मी उदाहरण कुठून आणू?"

सभा पोट धरधरून हसली. कानापर्यंत लाल झालेल्या रावसाहेबांनी बाईंना शाल दिली आणि मग स्वतःच खो खो हसत सुटले.