सारजाआईची भाकर

तुमच्या पणजोबांच्याही आधीची गोष्ट. करंजवाडीच्या ख्रिस्ती वस्तीत सारजा नावाची बाई राहायची. तिच्या नवऱ्याने, नथूने, गावात सगळ्यांत आधी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा भावकीने दोघांना वाळीत टाकलं. "असू दे, आपल्याला प्रभूची पंगत आहे," नथू म्हणायचा.

त्या पंगतीचा, म्हणजे येशूच्या आठवणीत पाव मोडून खायच्या प्रभुभोजनाचा, पाव मात्र शहरातून बैलगाडीने यायचा. गोरा पाद्रीसाहेब रोजच्या प्रार्थनेत देवाकडे भाकर मागायला शिकवायचा, आणि प्रभुभोजनाच्या मेजावर ठेवायचा पाव. आता काय बोलावं!

मग मोठा दुष्काळ पडला. बैल मेले, पाव येईना. त्यातच नथूने अंथरूण धरलं. "सारजे, जाण्याआधी एकदा प्रभुभोजन मिळू दे," एवढंच त्याचं मागणं. सारजाने घरातल्या शेवटच्या बाजरीची भाकर थापली आणि साहेबाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"बाई, पावाशिवाय विधी होत नाही," साहेब म्हणाला. तो दुष्ट नव्हता हो, स्वतःचं धान्य त्याने वस्तीला वाटलं होतं. पण नियम म्हणजे नियम.

सारजा परत फिरली. नथूचे डोळे दाराकडेच लागले होते. तिने प्रभूचं नाव घेतलं, आपल्याच हाताने भाकर मोडली आणि त्याच्या तोंडात घास ठेवला. तो खाऊन नथू गेला. उरलेली भाकर तिने दारातल्या उपाशी माणसांना वाटली, आणि अख्खी वस्ती जेवली तरी ती सरेना, असं म्हणतात.

बाईने भोजन दिलं, तेही पाद्र्याविना! साहेबाने तिला मंडळीबाहेर काढलं. आधी भावकीने टाकलं, आता मंडळीने. दर रविवारी ती चर्चच्या भिंतीबाहेर बसून आतली गाणी ऐकायची. फार वाईट दिवस काढले बिचारीने.

पुढच्या साली पटकीची साथ आली आणि तिने साहेबालाच धरलं. त्याला भोजन द्यायला दुसरा पाद्री कुठला? जवळ जायलाही कुणी धजेना. सारजा गेली. "साहेब, पाव नाही," ती म्हणाली. साहेबाने हात पुढे केला. भाकर खाताना तो रडला, असं म्हणतात. तिला परत आत घ्यायचं त्याच्या मनात असेलही, पण सांगायला तो उरला नाही.

सारजा बाहेरच राहिली, आणि मेल्यावर भिंतीबाहेरच पुरली गेली.

पुढे एका पाळकाने, म्हणजे नव्या पाद्र्याने, तिचं नाव पुन्हा मंडळीत घ्यायचं म्हटलं, तर बायकाच नको म्हणाल्या. "ती आहे तिथे राहू दे. आपण जाऊ तिच्याकडे." म्हणून अजूनही सुगीनंतरच्या रविवारी सगळी मंडळी चर्चमधून उठून भिंतीबाहेर येते. वस्तीतली सगळ्यांत म्हातारी बाई बाजरीची भाकर मोडते, आणि तिच्यापुढे पहिला हात पसरतात ते पाळकच.