शलोमीचं उलटं मागणं

प्रवरेच्या काठी सोनखडी म्हणून एक गाव आहे. त्या साली हंगामाच्या सणाला शिमोन महाराज तिथं मुक्कामी होते. हातात एकतारी, खांद्यावर घोंगडी, तोंडी येशूचं नाव. महाराज म्हणजे भुकेल्याला आधी भाकरी देणार, मग भजन सांगणार! त्यांच्या पायाशी बसायला लांबलांबची माणसं यायची. पण त्या दिवशी प्रभूनं जे दाखवलं, ते एका भांडकुदळ पोरीपायी.

तिचं नाव शलोमी. वय सोळा, शाळा सुटलेली. आईबाप देवाघरी गेलेले, आणि धाकटा भाऊ तिमा तिच्याच जिवावर. तिमाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. घशातून आवाज काढायचा, हातवारे करायचा. शलोमीला त्यातलं निम्मं कळायचं. उरलेलं निम्मं मात्र तिच्या काळजाला कुरतडत राहायचं.

सोनखडीच्या येशूच्या देवळात एक रीत होती. सणाला नवं धान्य वेदीपुढं ठेवायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं एक मागणं मागायचं. कुणी बैल मागितला, कुणी पोराला नोकरी मागितली. मंडळीचे पंच याकोबराव पाटोळे यांनी बोअरला पाणी मागितलं, आणि लोक केवढ्यानं 'आमेन' म्हणाले! मग शलोमी पुढं झाली. ओढणीत बांधून आणलेली बाजरी तिनं वेदीपुढं सोडली.

"प्रभू, माझा भाऊ काय म्हणतो ते मला समजू दे."

देवळात खसखस पिकली.

"अगं येडे," याकोबराव म्हणाले, "त्याला बोलता कर म्हण! असं उलटं काय मागतीस?"

"तो बोलतोच की, काका. आपल्याला समजत नाही."

"देवाच्या दारात येऊन अक्कल मागती! शाळा सोडताना नको होती का?"

शलोमीचं डोकं सणकलं. "तो मुका नाही. आपण बहिरे आहोत. तुम्ही तर लईच!"

याकोबरावांचं तोंड लालबुंद झालं. "ऐक मग. आज या पोराचा एक जरी आवाज झाला, तर तुम्ही दोघांनी परत या देवळाची पायरी चढायची नाही."

साऱ्या गावात तिमा कुठं खुशीत बसत असेल तर तो देवळातच, ढोलकीला पाठ टेकून, तिचा ठेका अंगात घेत. तिनं महाराजांकडं बघितलं. महाराज हसले.

"पोरी, मागणं ठेवलंस ना? मग आता उचलू नको."

देवळामागं मंडळीचं पेव होतं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं धान्याचं कोठार. नवं धान्य भरायचं म्हणून सकाळीच त्याचं तोंड उघडलं होतं. दोरीनं कंदील खाली सोडला, तर तो झटक्यात विझला. म्हणजे आत विषारी हवा, उतरेल तो मरेल. म्हणून हवा खेळायला तोंड उघडंच ठेवून वर नुसती एक फळी आडवी टाकली होती. शलोमी आणि तिमा तेव्हा तिथंच उभे होते.

इकडं भजनाला रंग चढला, आणि तेवढ्यात याकोबरावांची सून किंचाळली, "योएल कुठंय? माझा योएल!"

योएल म्हणजे याकोबरावांचा नातू, नुकता चालायला लागलेला. माणसं नदीकडं धावली, रस्त्याकडं धावली. याकोबराव दारातूनच नातवाला हाका मारायला लागले. एवढ्यात देवळामागून तिमा पळत आला. घशातून मोठमोठ्यानं ओरडत त्यानं याकोबरावांचं धोतर धरलं. स्वतःच्या घोट्यांना हात लावला आणि तळहातावर फुंकर मारली. परत घोटे, परत फुंकर.

"हाकला याला! इथं माझा जीव चाललाय आणि याला खेळ सुचतोय!" याकोबरावांनी त्याला ढकलून दिलं. "सांगितलं होतं ना मी? चालते व्हा दोघं!"

शलोमी मधी घुसली. "हात लावायचं काम नाही!"

ती तिमासमोर गुडघ्यावर बसली. घोटे. फुंकर. तिला काही कळेना. तिमाचे डोळे भरून आले. मग तिनं वर बघितलं आणि देवाशीच भांडायला लागली, "तुझ्याकडं दुसरं काही मागितलं का मी? बैल मागितला? घर मागितलं? एवढंच मागितलं ना? मग दे की आत्ता!"

"देवाशी असं बोलतात होय गं?" कुणीतरी दटावलं.

"बोलू द्या," महाराज म्हणाले. "घरचं लेकरू असंच मागतं."

आणि काय सांगावं! अंधाऱ्या खोलीची खिडकी कुणी उघडावी, तसा तिच्या डोक्यात उजेड पडला. घोटे म्हणजे योएलच्या पायातले चांदीचे वाळे. फुंकर म्हणजे सकाळी विझलेला कंदील.

"पेवात! योएल पेवात पडलाय!"

सगळे धावले. फळी सरकली होती. खाली जुन्या ज्वारीवर लेकरू निपचित पडलं होतं. कंदील सोडला, तो विझला. परत पेटवून सोडला, परत विझला. भलेभले गडी मागं सरले. शलोमीनं दोर कमरेला बांधला.

"पोरी, मरशील गं!" याकोबराव रडकुंडीला आले.

"मग बोलू नका. दोर धरा."

महाराजांनी एकतारी खाली ठेवली आणि सगळ्यात आधी दोराला हात घातला. शलोमीनं छातीभर श्वास घेतला, तोंड घट्ट मिटलं आणि खाली उतरली. दोराला हिसका बसला तसा सगळ्यांनी जोर लावला. ती वर आली, छातीशी योएल.

लेकरू हलेना. महाराजांनी त्याला घोंगडीवर घेतलं, कपाळावर हात ठेवला. "प्रभू, तुझं आहे. आम्हाला दे." आणि योएलनं असं भोकाड पसरलं, की पार नदीकाठी ऐकू गेलं! ज्या हवेत दिवा जगत नव्हता, त्या हवेत प्रभूनं लेकरू जगवलं होतं.

याकोबराव महाराजांच्या पायाशी वाकायला गेले. महाराज बाजूला झाले. "माझ्या नको. निरोप कुणी आणला?"

तेव्हा तो ताठ मानेचा पंच तिमापुढं मातीत बसला आणि त्यानं हात जोडले. तिमानं त्यांच्याकडं नीट बघितलं. आधी स्वतःच्या छातीला हात लावला, मग देवळाकडं बोट केलं आणि दोन्ही हातांनी हवेत ठेका धरला.

"काय म्हणतोय गं तो?" याकोबरावांनी विचारलं.

"मी नाही सांगणार," शलोमी म्हणाली. "मी जिथं मागितलं, तिथंच तुम्हीपण मागा."

याकोबरावांनी कपाळ जमिनीला टेकवलं. "प्रभू, या पोराचं बोलणं मला समजू दे."

या वेळी 'आमेन' म्हणायला सगळा गाव होता. मग याकोबराव उठले, तिमाचा हात धरून पायरी चढले, आणि त्याला ढोलकीला पाठ टेकून बसवलं. प्रभूची करणी अशी असते, बाबांनो!