दस्तगीरची जाग

मांजरा नदीच्या काठी सोनखांब नावाचे गाव होते. निजामाच्या अमलात यकीनशाह बाबा फिरत फिरत तिथे आले आणि पडक्या मशिदीशेजारी चिंचेखाली राहिले. त्यांनी स्वतःच्या हातांनी माती कालवून मशिदीच्या भिंती लिंपल्या, अंगण झाडून काढले, आणि पाचही वेळची अजान पुन्हा गावाच्या कानी पडू लागली. बाबांकडे हिंदू येत, मुसलमान येत. कुणी तापलेले लेकरू आणी, कुणी भावकीतले भांडण. बाबा सगळ्यांचे ऐकून घेत. स्वतः मात्र थोडेच बोलत.

त्या गावात दस्तगीर पिंजारी राहत असे. कापूस पिंजून गाद्या-रजया भरून देणे हा त्याचा धंदा. हात सफाईचा, स्वभाव भित्रा. गावचे इनामदार सरफराजखान आणि रखमाजी माळी यांच्यात एका विहिरीवरून तंटा झाला, तेव्हा इनामदारांनी दस्तगीरला बोलावून घेतले. त्याचे घर इनामदारांच्या जागेत होते. घर हवे की नको, एवढेच त्यांनी विचारले. विहीर रखमाजीच्या बापाने खणलेली, हे सारे गाव जाणत होते. तरी दस्तगीरने कचेरीत कुराणावर हात ठेवून सांगितले, विहीर इनामदारांची.

विहीर हातची गेली आणि रखमाजीच्या केळी करपल्या. पुढे मळाही गेला आणि तो दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाऊ लागला. इकडे दस्तगीरची झोप उडाली. डोळा लागला की दचकून जाग येई आणि छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटे. वैद्य झाले, हकीम झाले. शेवटी बायको रसूलबीने त्याला बाबांकडे धाडले. झोपेचा एखादा ताईत मागून आणा, म्हणाली.

दस्तगीर बाबांपुढे बसला आणि ताईत मागायच्या ऐवजी रडला. सगळे सांगून टाकले. बाबांनी शांतपणे ऐकले आणि ते म्हणाले, "बेटा, तुझी झोप कुणी नेली नाही. अल्लाह तुला उठवतोय. उठवलंय तर पडून का राहतोस? उठून वुजू कर, हातपाय-तोंड धुऊन दोन रकात नमाज पढ, माफी माग."

"मला माफी मिळेल, बाबा?"

"अल्लाहचं जे चुकलंय ते रात्री माग. रखमाजीचं जे चुकलंय ते दिवसा त्याच्या दारात जाऊन माग. एकावाचून दुसरं पुरं होत नाही."

पहिले काम त्यातल्या त्यात सोपे वाटले, म्हणून दस्तगीरने तेच आधी धरले. तेही काही लगेच जमले नाही. कधी सजद्यात डोके टेकल्या टेकल्याच डुलकी लागे. कधी थंडीने अंथरूण सोडवत नसे. दिवसभराच्या कामाने अंग मोडून आले की सलग काही रात्री चुकत, मग तोंड दाखवायची लाज वाटून तो मशिदीकडे फिरकत नसे. बाबांनीच एकदा त्याला रस्त्यात गाठले. म्हणाले, "काल चुकलं तर आज ये. दार लावून घेणं ही त्याची रीत नाही. थोडं कर, पण सोडू नको." हळूहळू सवय अंगवळणी पडली. रात्री जाग आली की आता भीती वाटत नसे. उलट कुणीतरी आपली वाट पाहत आहे असे वाटे.

आणि तसे वाटू लागले तशी दुसऱ्या कामाची टोचणी वाढली. एके दिवशी तो रखमाजीच्या दारात गेला, हात जोडले, आपण खोटे बोललो असे म्हणाला. रखमाजीने त्याच्याकडे पाहिले, मग तो आत गेला आणि त्याने दार लावून घेतले. दस्तगीर तिथून घरी गेला नाही. तसाच चावडीवर गेला आणि चार माणसांत उभा राहून म्हणाला, की विहीर रखमाजीची आहे, मी खोटी शपथ घेतली.

इनामदार तिथेच बसले होते. ते मोठ्याने हसले. "तेव्हा खोटा होतास की आज खोटा आहेस, हे कोण ठरवणार?" ते म्हणाले. "रात्री उठून नमाज पढायला लागल्यापासून याला दिवसाही स्वप्नं पडतात." चावडी हसली. त्या दिवसापासून दस्तगीरचे नाव 'शपथवाला' पडले. इनामदारांनी घर काढून घेतले, तेव्हा तो मशिदीच्या खालच्या अंगाला खोपट घालून राहिला. रात्रीचे उठणे मात्र त्याने सोडले नाही.

भाद्रपदात बाबा दहा कोसांवरच्या देवखेड्याला एका मुरिदाच्या, म्हणजे शिष्याच्या घरी मयतीला गेले. दस्तगीर तेव्हा तापाने फणफणला होता. त्या रात्री त्याला शुद्धच नव्हती. ग्लानीत असतानाच खांद्यावर थंडगार हात पडला आणि ओळखीचा आवाज आला, "दस्तगीर, ऊठ. वखत झाला."

त्याने डोळे उघडले. बाबा कसे परतले, असे म्हणेपर्यंत पाहतो तर खोपटात कुणी नाही. दाराला आतून कडी. रसूलबी गाढ झोपलेली. हाक आली आहे तर उठायला हवे, म्हणून तो भिंत धरत उठला आणि वुजूसाठी लोटा घेऊन बाहेर आला. पायरीवर पाय ठेवला तो पाण्यात पडला.

गावात पावसाचा थेंब नव्हता. वर कुठेतरी ढगफुटी झाली होती आणि मांजरा आवाज न करता चढत होती.

रसूलबीला मशिदीच्या जोत्यावर बसवून तो ओरडत गल्लीतून धावला. दोन-चार दारे किलकिली झाली. शपथवाला आहे, असे म्हणून पुन्हा लागली. इनामदारांचा वाडा तर नदीला खेटूनच होता, पण उंच भिंतीमुळे आत अजून पाणी शिरले नव्हते. पहारेकऱ्याने आत वर्दी दिली. इनामदारांनी अंथरुणातूनच सांगितले, की त्याला हाकलून द्या.

दस्तगीर पुढच्या दाराकडे वळला. इतक्यात कंदील घेऊन कुणी तरी समोर आले. तो रखमाजी होता.

"पाणी खरंच चढतंय?"

"खरं आहे, दादा. माझ्यावर विश्वास ठेवू नका, पायाकडं बघा."

रखमाजीने खाली पाहिले नाही. "स्वतःला खोटा म्हणवून घ्यायला जो चावडीवर उभा राहिला, तो आता कशाला खोटं बोलेल?" असे म्हणून तो मारुतीच्या देवळाकडे धावला आणि घंटा बडवू लागला. रखमाजीच्या शब्दावर गाव उठले. म्हातारी माणसे, पोरेबाळे, गुरे सगळी देवळाच्या उंचवट्यावर आली. मग दोघे पुन्हा इनामदारांच्या दाराशी गेले.

रखमाजी म्हणाला, "इनामदारसाहेब, मी रखमाजी माळी. तुम्हाला वाचवण्यात माझा काही फायदा नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी आलोय. बाहेर या."

तेव्हा दार उघडले. इनामदारांच्या थकलेल्या आईला दस्तगीरने त्या तापातच पाठीवर घेतले. सगळी उंचवट्यावर पोचली आणि मागे वाड्याची नदीकडची भिंत कोसळली.  सोनखांबात त्या रात्री घरे पडली, पण माणूस एकही गेला नाही.

उजाडल्यावर बाबा परतले. सोबत देवखेड्याची माणसे होती. ती सांगू लागली, की बाबा रात्रभर आमच्यासमोर मुसल्यावर, नमाजाच्या चटईवर होते, कुठे हलले नाहीत. पण नमाज संपवून वळले तेव्हा त्यांचा कुर्ता कमरेपर्यंत भिजलेला, वर गाळ लागलेला. आमच्याकडे तर पाऊस नाही.

दस्तगीरने नकळत आपल्या खांद्यावर हात ठेवला आणि बाबांकडे पाहिले. बाबा म्हणाले, "उठवणारा तो एकच आहे, बेटा. आम्ही सगळे त्याचे निरोपे."

इनामदार पुढे आले आणि बाबांच्या पायांवर वाकू लागले. बाबांनी त्यांना खांदे धरून उभे केले. "डोकं टेकायची जागा ही नव्हे," ते म्हणाले. "आणि अल्लाहपुढं टेकायच्या आधी तुमचं इथंही काही राहिलंय."

 इनामदार साऱ्या गावासमोर रखमाजीपुढे गेले.  "विहीर तुझी आहे," ते म्हणाले. "कचेरीतलं खोटं माझं होतं. दस्तगीरच्या तोंडून मी वदवलं. चावडीवर तो बोलला ते खरं." त्यांनी दस्तगीरचे दोन्ही हात धरले आणि माफी मागितली.  रखमाजीने पुढे होऊन दस्तगीरच्या अंगावर आपली घोंगडी घातली, कारण तो तापाने कापत होता.

पूर ओसरला. पुढे एका रात्री दस्तगीर नेहमीप्रमाणे मशिदीत नमाजाला उभा होता. दाराशी पावले वाजली. इनामदार होते, एकटेच, अनवाणी. आत यावे की नाही अशा संकोचात ते उंबऱ्यापाशी थांबले होते. दस्तगीरने सलाम फेरून नमाज संपवली, मागे पाहिले, आणि चटईवर सरकून शेजारी जागा केली. सरफराजखान तिथे येऊन उभे राहिले. सजद्यात त्यांनी डोके टेकले ते पहाटेची अजान होईतो उचलले नाही.