हैबतीने सिग्नल सांभाळला

निंबवळीला हैबती नावाचा एक माणूस राहायचा. नाव हैबती, पण त्याला मांजरसुद्धा भीत नसे. भोळा म्हणजे किती भोळा, तर बायको म्हणाली "जरा दुधाकडे बघा", की दूध उतू जाऊन पातेलं करपेपर्यंत हा बघत बसायचा. आणि वर सांगायचा, "बघितलं की. शेवटपर्यंत बघितलं."

बायकोचं नाव हिरा. ती रोज सकाळी आठ-दहाच्या गाडीने शेजारच्या शहरात पापडाच्या कारखान्यात जायची. स्टेशनसमोर हमरस्ता. त्यावरून गाड्या अशा सुसाट सुटायच्या की पलीकडे जाणं म्हणजे जिवाशी खेळ. दोन महिन्यांपूर्वी एका टेम्पोने हिराच्या हातातला डबा उडवला. ती थोडक्यात वाचली. मग गावाने आरडाओरडा केला, नगरपालिकेने रस्त्यावर पांढरे पट्टे मारले आणि सिग्नलचा खांब उभा केला. पण नुसत्या दिव्यांना जुमानतंय कोण? म्हणून पट्ट्यांपाशी एक माणूस नेमायचं ठरलं. हिराने हवालदार इंगवल्यांच्या मागे लागून लागून ते काम नवऱ्याला मिळवून दिलं. चार दिवस बघायचं, पाचव्या दिवशी उद्घाटनाला नगराध्यक्षा येणार, आणि काम ठीक दिसलं तर कायमची ऑर्डर हातात.

"अहो, आजवर सहा नोकऱ्या गेल्या तुमच्या," हिरा म्हणाली. "ही गेली तर मला भावाच्या दारात जाऊन राहावं लागेल. माझ्याच्याने ते होणार नाही. हवालदारसाहेब सांगतील तेवढंच करा. स्वतःचं डोकं चालवू नका."

"नाही चालवत," हैबती म्हणाला. आणि बिचाऱ्याने शब्द पाळला.

पहिल्या दिवशी हवालदार म्हणाले, "हैबती, हे बघ. लाल दिवा लागला की थांबवायचं. कोणी का असेना, एक पाऊल पुढं टाकू द्यायचं नाही."

लाल दिवा लागला. हैबतीने गाड्या थांबवल्या. पट्ट्यांवर पाय ठेवणारी माणसंही थांबवली. मग हिरवा लागला, तशा गाड्या धडाधड सुटल्या. आता त्यांच्यातून माणसं जाणार कुठून? पुन्हा लाल, पुन्हा सगळे उभे. हिरा डोळ्यांनी खुणावते आहे, हात जोडते आहे, पण हैबती ढिम्म. आठ-दहाची गाडी शिट्टी मारून निघून गेली. निम्म्या गावाचा खाडा झाला, त्यात हिराचाही.

"अरे शहाण्या," हवालदार म्हणाले, "लाल दिवा गाड्यांना. माणसांना नाही. गाडीत बसलेला थांबेल, पायी चालणारा जाईल. एवढं साधं आहे."

"असं होय. आधी सांगायचं ना, साहेब."

दुसऱ्या दिवशी लाल दिवा लागला आणि एसटी येऊन थांबली. खिडकीतून एक गुरुजी ओरडले, "अहो, सोडा की लवकर, शाळेची वेळ झाली."

"गाडीत बसलेला थांबेल," हैबती म्हणाला. "पायी चालणारा जाईल. उतरा."

गुरुजी उतरले, त्यांना हैबतीने अदबीने पलीकडे सोडलं. ते बघून बाकीचेही उतरले. चाळीस माणसं, दोन कोंबड्या आणि एक पेटी पलीकडे गेली. शेवटी ड्रायव्हर-कंडक्टरही उतरले, चालत गेले आणि समोरच्या हॉटेलात चहा प्यायला बसले. दिवा हिरवा झाला. रिकामी एसटी जागच्या जागी उभी, आणि तिच्यामागे पार साखर कारखान्यापर्यंत गाड्यांची रांग.

हवालदारांनी टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी घातली. "हैबती, गाड्यांचा नाद सोड. गाड्या मी बघतो. तू फक्त म्हाताऱ्या माणसांकडे बघ. म्हातारं माणूस दिसलं की हात धरायचा आणि पलीकडे सोडायचं. त्यांना विचारत बसू नकोस, लाजतात ती."

"एवढंच ना," हैबती म्हणाला.

तिसऱ्या दिवशी तात्या सुतार कडुनिंबाखाली उभे होते. व्याही यायचे होते, त्यांची वाट बघत होते. हैबतीने त्यांचा हात धरला आणि पलीकडे नेऊन सोडलं. तात्या कुरकुरत परत आले. हैबतीला पुन्हा म्हातारं माणूस दिसलं. त्याने पुन्हा हात धरला. असं अकरा वेळा झालं. बाराव्या वेळेला व्याही आले. तेही म्हातारेच. दोघांची भेट होईना, कारण एक अलीकडे असला की हैबती दुसऱ्याला पलीकडे नेत होता.

"बाबा रे," हवालदार म्हणाले, त्यांचा आवाज बसला होता, "आधी विचारावं. कुठं जायचंय म्हणून विचारावं, आणि जिथं जायचंय तिथंच सोडावं."

चौथ्या दिवशी एक आजीबाई पिशवी घेऊन आल्या.

"आजी, कुठं जायचंय?"

"वडजाईला रे बाबा, लेकीकडं."

हैबतीने आजींची पिशवी घेतली, हात धरला, रस्ता ओलांडला, गाडीत बसला आणि पाच स्टेशनं पलीकडे वडजाईला आजींना लेकीच्या उंबऱ्यात नेऊन सोडलं. लेकीने जेवू घातल्याशिवाय सोडलं नाही. बाजरीची भाकरी आणि भरलं वांगं. हा परत आला तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं, आणि पट्ट्यांपाशी हवालदार एकटेच हात हलवत उभे होते. सकाळपासून.

हवालदार ओरडले नाहीत. खाली बसले आणि हैबतीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "उद्या उद्घाटन आहे, हैबती. तुझी हिरा काल माझ्यापुढे रडून गेली. तिच्याकडे बघून सांगतो. कुठं जाऊ नकोस. हा सिग्नल तुझ्या घरची वस्तू समज. घरच्या नव्या वस्तूचं जे करतोस, ते याचं कर."

हैबतीला गहिवरून आलं. इतक्या मायेने त्याला कोणी काम सांगितलं नव्हतं.

घरी नवी वस्तू आली की पहिल्यांदा काय करतात? शिलाई मशीन आलं तेव्हा हिराने काय केलं होतं? पाचव्या दिवशी सकाळीच हैबती शिडी लावून खांबावर चढला. वाटीभर कुंकू पाण्यात कालवलं होतं. वरच्या दिव्याला लावलं, मधल्याला लावलं, खालच्याला लावलं. हात आखडता घेतला नाही.

दहा वाजता नगराध्यक्षांची गाडी आली. बाई बघतात तर वरचा दिवा लाल, मधला लाल, खालचाही लाल. गाडी थांबली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बँडवाले वाजवून थकले. हवालदारांनी वर पाहिलं आणि धावतच हैबतीपाशी आले.

"हे काय केलंस?"

"कुंकू लावलं. घरची वस्तू ना."

"पूस ते," हवालदार दातओठ खात म्हणाले. "आत्ताच्या आत्ता पूस. बाईंसमोर इथं कुंकवाचा ठिपकासुद्धा दिसता कामा नये. दिसला की पुसायचा, मला विचारायला येऊ नकोस."

हैबतीने ओलं फडकं घेतलं, शिडीवर चढला आणि तिन्ही दिवे लख्ख पुसले. खालचा हिरवा झळकला. गाडी पुढे आली. नगराध्यक्षा उतरल्या, मागून त्यांचे यजमान उतरले. बाई चक्क खूश होत्या.

"दहा मिनिटं लाल होता, पण माझी गाडीसुद्धा सोडली नाहीत," त्या म्हणाल्या. "असाच माणूस पाहिजे. तुम्हीच ना हैबती? या, पुढे या." त्यांनी पर्समधून ऑर्डरचा कागद काढला. गर्दीत हिरा उभी होती. आज कामावर खाडा करून आली होती. तिचे डोळे भरून आले. हवालदारांनी पाच दिवसांत पहिल्यांदा सुटकेचा निःश्वास टाकला.

हैबती पुढे गेला. कागद घ्यायला त्याने हात पुढे केला, आणि त्याची नजर बाईंच्या तोंडाकडे गेली. कपाळावर चांगला ठसठशीत, रुपयाएवढा, लालभडक कुंकवाचा ठिपका.

फडकं हातात होतंच. विचारायचं नाही असं सांगितलेलंच होतं. हैबतीने बाईंचं डोकं अलगद धरलं आणि कपाळ लख्ख पुसून काढलं.

बँड थांबला. यजमान शेजारीच उभे होते. त्यांनी आधी स्वतःची नाडी बघितली.

बाईंच्या हातातल्या कागदाचे किती तुकडे झाले ते कोणी मोजले नाहीत. हैबतीने तर तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तो फडकं पिळून गर्दीकडे वळला होता, आणि निंबवळीच्या यच्चयावत सवाष्णी कपाळावर पदर दाबून, दिवा लाल की हिरवा न बघता, रस्त्याच्या पलीकडे पळत होत्या. सगळ्यांच्या पुढे हिरा होती.