बिघाडाच्या वहीतले नाव

एका धर्मादाय रुग्णालयाच्या तळमजल्यावर एक वृद्ध क्ष-किरण तंत्रज्ञ काम करीत असत. सारे त्यांना नाना म्हणत. त्यांच्या हाताखाली एक तरुणी शिकून तयार झाली होती. सुरुवातीला ती प्रत्येक रुग्णाला नावाने हाक मारी, गार टेबलावर झोपवण्याआधी चादर अंथरी. हे काम तिला मनापासून आवडे. पुढे विभागातल्या दोन जागा रिकाम्या झाल्या आणि रिकाम्याच राहिल्या. भरण्याची घाई कोणालाच नव्हती, कारण काम तर होतच होते. वर्षभरात तिच्या तोंडी एकच शब्द उरला : "पुढचा."

एके दिवशी एका आजीबाईंच्या उजव्या गुडघ्याच्या फिल्मवर तिने डाव्या बाजूची खूण लावली. शस्त्रक्रियेआधी सर्जनच्या ते लक्षात आले, म्हणून अनर्थ टळला. संध्याकाळी विश्वस्त स्वतः खाली उतरले. हातात टाइप केलेला कबुलीजबाब होता : 'ही चूक केवळ माझ्या निष्काळजीपणामुळे झाली.'

"सही कर. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

तिने पेन उचलले. आजीबाईंचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

नानांनी यंत्राच्या बिघाडाची वही काढली आणि शांतपणे लिहू लागले. विश्वस्त दचकले.

"आता यंत्राला काय झालं? इंजिनिअरला बोलावू का?"

नानांनी वही पुढे सरकवली. बिघाडाच्या रकान्यात त्या मुलीचे नाव होते. पुढे लिहिले होते : सलग अकरा तास, एकशे बारा फिल्म, जेवण नाही.

"वय झालं तुमचं, नाना. माणसाचं नाव यंत्राच्या वहीत?"

"मग कुठल्या वहीत लिहू, साहेब? माणसांची वहीच नाही आपल्याकडे. यंत्राची नळी तापली की दिवा लागतो. ती निवेपर्यंत रुग्ण थांबतो, डॉक्टर थांबतात, तुमचे व्याहीसुद्धा परवा बाकावर बसून होते. नळीला कोणी कामचुकार म्हणत नाही, तिच्याकडून माफी लिहून घेत नाही. ही पोर वर्षभर तापते आहे. हिला दिवा नाही, म्हणून मर्यादाही नाही असं तुम्ही धरून चाललात. हिची सही मागता. त्या दोन जागा रिकाम्या ठेवायचं ज्यांनी ठरवलं, त्यांची सही कुठे आहे?"



"चूक माझीच आहे, साहेब," ती म्हणाली, "मी ती नाकारणार नाही." तिने कागदावरचा 'केवळ' हा शब्द खोडला. खाली त्या दिवसाचे तास, फिल्मची संख्या आणि दोन जागा कधीपासून रिकाम्या आहेत ते लिहिले, आणि सही केली.

"तुमच्या सहीसाठी शेजारी जागा ठेवली आहे," ती विश्वस्तांना म्हणाली.

विश्वस्तांनी तो कागद शेवटपर्यंत वाचला. मग त्यांनी खिसे चाचपले. तिने आपले पेन पुढे केले.